दारापर्यंतचं सगळं पाठ

ड्रायव्हरकाका निवृत्त झाले तेव्हा गल्लीचं एका गोष्टीवर एकमत होतं. मोठ्या शहराची माहिती हवी असेल तर ती ह्याच माणसाकडून घ्यावी. पहाटे सहलीची बस भरायची, सकाळी शहरात न्यायची, लोकांना राजवाडा, संग्रहालय, बाग दाखवायची आणि संध्याकाळी घरी आणून सोडायची, ह्यात त्यांचा जन्म गेला. कुणाचा जावई शहरात निघाला की माणसं दारात हजर. काका, कुठे जेवायचं? काका, काय बघायचं?

आणि काकांनी तोंड उघडायच्या आत काकू सुरू. "राजवाडा चुकवू नका हं! आणि जेवणाच्या दालनात वर बघा. अख्खा देवमाशाचा सांगाडा टांगलाय. राजा त्याच्याखाली बसून जेवायचा." एकदा एक जावई परत येऊन म्हणाला, मासाबिसा काही दिसला नाही बुवा. काकूंनी त्यालाच झापलं. "वर बघितलंत का? नाही ना? मग!" बिचारा जावई, सासुरवाडीच्या गल्लीत वाद कोण घालणार?

आता गंमत बघा, काकूंनी स्वतः शहर कधी पाहिलं नव्हतं. सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या, आणि तेही महिना-दोन महिने नव्हे, वर्षानुवर्षं. त्यांना भरवायचं, कुशीवर वळवायचं, पाठ पुसायची, दिवसभर हाक आली की धावायचं. काकूंचा प्रवास म्हणजे स्वयंपाकघर ते सासूबाईंची खाट आणि खाट ते मोरी. संध्याकाळी काका घरी आले की त्या सासूबाईंच्या उशाशी बसायच्या आणि विचारायच्या, "हं, आज काय पाहिलंत?" सासूबाईसुद्धा उशीवर मान वळवायच्या. मग काका सांगायचे. राजवाड्याचं निळं छत, आरशांची खोली, देवमासा. दोघी बायका कान टवकारून ऐकायच्या आणि घरात जरा वेळ खिडकी उघडल्यासारखं वाटायचं.

आणि इथेच सगळी गोम होती. काकांनी ह्यातलं काहीएक पाहिलेलं नव्हतं.

खोटं वाटेल, पण खरं आहे. बसमध्ये गाईड माइकवर बोलायचा तेवढं काकांना तोंडपाठ होतं. राजवाडा कुणी बांधला, दगड कुठून आणला, राणी का रुसली, दारावरच्या सिंहाचा एक कान कसा तुटला, सगळं. मग गाईड म्हणायचा, चला, उतरा आता. लोक उतरायचे, आत जायचे, आणि काका बस मागच्या वाहनतळावर नेऊन लावायचे. दाराच्या पुढचं ज्ञान त्यांना परतीच्या वाटेवर मिळायचं, तेही मागच्या सीटवरच्या गप्पांतून. कुणी म्हणे, छत काय निळं होतं! कुणी म्हणे, एवढा थोरला मासा! एक तुकडा इकडचा, एक तिकडचा, अशी गोधडी शिवून काका ती घरी न्यायचे. देवमासा मुळात कुठे टांगलेला आहे हे त्यांनी कधी कुणाला विचारलं नाही. एकदा तो राजाच्या ताटावर लटकला तो लटकला.

मागल्या वर्षी सासूबाई गेल्या. शांतपणे गेल्या, काकूंचा हात हातात धरून. सगळं आटोपल्यावर एका सकाळी काका काकूंसमोर येऊन बसले. त्यांना म्हणायचं होतं, माझ्या आईचं तू जे केलंस ते पोटच्या पोरीनं केलं नसतं. पण आपल्याकडे बायकोसमोर असलं बोलायला जीभ रेटते होय? घसा खाकरला, चहाचा कप इकडचा तिकडे केला आणि तोंडातून निघालं, "चल, तुला शहर दाखवतो."

काकूंचा चेहरा असा फुलला, आणि आपण काय बोलून बसलो ते काकांना तेव्हा कळलं. आता ही आत जाणार! आत गेली की कळणार! गल्लीत हसं होईल ह्याची काकांना पर्वा नव्हती. हसू देत. पण त्या खोलीत वर्षानुवर्षं अडकलेल्या बाईची तेवढी एकच तर सहल होती. तीच नुसती थापांची निघाली तर तिच्याकडे उरलं काय? ज्या बाईचे आभार मानायला निघालो तिलाच लुबाडून परत आणणार की काय आपण, ह्या विचारानं त्यांना जेवण जाईना.

पण शब्द गेला होता. लेकीनं तिकिटं काढून दिली, काकूंनी ठेवणीतली साडी काढली, आणि दोघं शहरात येऊन राजवाड्यासमोर उभी राहिली.

दारापर्यंत काय थाट होता म्हणता! काकांनी दगडापासून सुरुवात केली. राणीच्या रुसव्यापर्यंत आले तोवर आजूबाजूला सात-आठ परके प्रवासी गोळा झाले होते. सिंहाच्या कानाला तर एकानं टाळी वाजवली. काकू पदर सावरत सगळ्यांकडे अशा बघत होत्या, जणू राजवाडा त्यांच्या माहेरचाच. "आमचे हे," त्या शेजारच्या बाईला म्हणाल्या, "ह्यांना कोपरा न् कोपरा माहीत आहे."

मग सगळे आत गेले. आणि काकांचा आवाजच बसला.

छत पांढरं होतं. अगदी पांढरंफेक. काकूंनी वर बघितलं, मग काकांकडे बघितलं. "निळं होतं ना?"

"रंग दिला असेल नवा," काका म्हणाले.

"आणि पुढे?" मागून टाळीवाल्यानं विचारलं. तो बिचारा वही सरसावल्यासारखा कान देऊन उभा होता.

"पुढे... पुढे आणखी खोल्या आहेत," काका म्हणाले. हे मात्र खरं निघालं.

दोन-तीन खोल्यांनंतर मागची मंडळी एकेक करून पांगली. जेवणाच्या दालनाची पाटी दिसली तेव्हा काका पाय ओढत चालू लागले. काकू मात्र झपाझप पुढे गेल्या, मधोमध उभ्या राहिल्या आणि मान मागे टाकून वर बघू लागल्या. वर झुंबर होतं. चांगलं मोठं होतं, पण कुठल्याही बाजूनं बघितलं तरी झुंबरच. काकू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेल्या, परत आल्या, आणि कोपऱ्यात खुर्ची टाकून बसलेल्या पहारेकऱ्याला त्यांनी सरळ विचारलं, "मासा कुठाय हो?"

"मासा?" पहारेकरी उठून उभा राहिला. "स्वयंपाकघर बंद आहे बाई. राजा जाऊन जमाना झाला."

"खायचा नव्हे हो. देवमासा. सांगाडा. इथे वर टांगलेला."

पहारेकरी चांगला माणूस होता, हसला नाही. "तो संग्रहालयात आहे, नदीच्या पलीकडे. पहिल्यापासून तिथंच आहे. इथे राजाच्या डोक्यावर कोण टांगणार, आणि राजा जेवणार कसा त्याच्याखाली?"

काकू म्हणाल्या, "हेच मी इतकी वर्षं म्हणत होते. जेवत कसा असेल!" आणि मग त्यांनी पुन्हा एकदा वर झुंबराकडे बघितलं. काकांनी खिडकीबाहेर बघत म्हटलं, "हलवला असेल मध्यंतरी." पण पहारेकऱ्याचं 'पहिल्यापासून' दोघांनीही नीट ऐकलं होतं.

राजवाड्याबाहेर आले तेव्हा काकूंच्या चालीत मघाचा तोरा नव्हता. काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. काहीतरी एक तरी गोष्ट खरी निघायला हवी, आत्ताच्या आत्ता! आणि त्यांना एकदम आठवलं, जेवण. अहो, जेवण तर आपण खरं जेवलोय. राजवाड्यासमोरच्या चकचकीत हॉटेलांत सूप गार आणि वेटर त्याहून गार, हे काका नेहमी सांगायचे. ड्रायव्हर लोक जिथे जेवतात तिथे जेवावं, हा त्यांचा गुरुमंत्र. ह्या मंत्रावर त्यांनी गल्लीतल्या कितीतरी जणांना पोटभर जेवू घातलं होतं.

"चल," ते म्हणाले, "तुला मावशीच्या खाणावळीत नेतो."

घाईघाईत काकांना एक गोष्ट आठवली नाही, ती म्हणजे मावशीचं तोंड.

खाणावळ वाहनतळाला लागूनच होती. लांब बाकं, पुसून पुसून रंग उडालेली टेबलं, भट्टीतून निघणाऱ्या पावाचा वास. काकू आत शिरल्या आणि तो वास नाकात जाताच म्हणाल्या, "हे बरं आहे हो." काकांच्या जिवात जीव आला. ते बसतात न बसतात तोच कढईमागून खणखणीत आवाज आला.

"अगंबाई! कुंभकर्ण! जिवंत आहात होय?"

मावशी पदराला हात पुसत आली. केस पांढरे झाले होते, आवाजात काही फरक नव्हता. तिनं काकूंकडे बघितलं, ओळख करून घ्यायची वाट न बघता शेजारी बसकण मारली आणि म्हणाली, "ह्यांच्या घरच्या का तुम्ही? या या. मला तुम्हाला एकदा बघायचंच होतं. घरी तरी जागे असतात का हे?"

"म्हणजे?" काकू म्हणाल्या.

काकांनी मावशीला डोळ्यांनी खुणावलं. पण चालती कढई आणि बोलती मावशी, मधेच थांबायची नाही. "म्हणजे काय! इथे यायचे, चार घास खायचे की लगेच गाडीत जाऊन आडवे. बाकीचे ड्रायव्हर राजवाडा बघून बघून कंटाळले. ड्रायव्हरला आत फुकट सोडतात, बिल्ला दाखवला की झालं. संग्रहालयातही तसंच. मी ह्यांना म्हणायची, अहो, एकदा तरी जा, दार हाकेवर आहे. हे आपले घोरतायत! प्रवासी परत यायची वेळ झाली की मी स्वतः जाऊन काच बडवायची. एवढी वर्षं, पण ह्या गृहस्थानं राजवाड्यात पाऊल टाकलं नाही बघा."

तिनं सूप वाढलं, गरम पावाची टोपली ठेवली आणि दुसऱ्या टेबलाकडे गेली. जाता जाता म्हणाली, "पोटभर जेवा."

काकू सुपाकडे बघत राहिल्या. काकांनी पाव मोडला, तो तसाच हातात राहिला. बोलायचं तर सुरुवात कुठून करायची?

"एकदाही नाही?" काकूंनी विचारलं.

"नाही."

"आरशांची खोली?"

"ऐकलेली."

"आणि फुकट होतं?"

"फुकट होतं."

मग मात्र काकूंचा पारा चढला. थापा मारल्या ह्याचा राग नव्हता तो, हे काकांना जरा उशिरा कळलं. "अहो, दार समोर, बिल्ला खिशात, आणि तुम्ही घोरत पडलात? मी तिकडे घरात कोंडलेली, मी म्हणायची, जाऊ दे, एकानं तरी बघितलं ना, आपल्या घरातलं एक माणूस तरी रोज राजवाड्यात जाऊन येतंय! त्या समाधानावर मी दिवस ढकलले. आणि तुम्ही झोपलात! एवढी कसली मेली झोप?"

"यायची गं झोप," काका म्हणाले. "काय करू? रात्री..." आणि तिथेच त्यांनी जीभ चावली.

"रात्री काय?"

"काही नाही. जेव तू. गार होतंय."

पुढचं वाक्य काकांना बोलायचंच नव्हतं. ते बोलणं म्हणजे बायकोपुढे हिशेब मांडल्यासारखं झालं असतं, आणि तेही कुणापुढे, तर जिनं दिवसभर त्यांच्याच आईची सेवा केली तिच्यापुढे. त्यांच्या लेखी त्यात सांगण्यासारखं काही नव्हतंच. माणूस रात्री जागला की दुपारी झोपतो, त्यात काय मोठं?

पण काकूंनी चमचा खाली ठेवला होता. त्या काकांकडे बघत होत्या, आणि बघता बघता त्यांच्या चेहऱ्यावरचा राग कुठल्या कुठे गेला.

"तुम्ही म्हणायचात," त्या हळूच म्हणाल्या, "ड्रायव्हरचा डोळा आहे, रात्री लागतच नाही. तू झोप, मी बसतो आईपाशी. तशीही मला झोप कुठे येते."

काकांनी हातातला पाव सुपात बुडवला.

"रोज म्हणायचात. मी म्हणायची, बरं आहे बाई, ह्यांना मुळातच झोप कमी. आणि मी आडवी झाले की सकाळीच जाग यायची मला. सासूबाई हाका मारायच्या, पाणी मागायच्या, मला पत्ता नसायचा." काकूंनी वाटी बाजूला सारली. "शेजारणी म्हणायच्या, घरात एवढं आजारपण आणि तुझा चेहरा कसा गं टवटवीत? मी म्हणायची, माझी प्रकृतीच दणकट. दणकट कसली! मी झोपत होते ना रोज! रात्रभर झोपत होते!"

"अगं, आई मध्यरात्रीनंतर शांत व्हायची, मग मीही पडायचो की," काका घाईनं म्हणाले. "आणि झोपेत गाडी कधी चालवली नाही हं मी. एकदाही नाही. म्हणून तर दुपारी झोपायचो. लोकांचे जीव हातात असतात."

"कळलं," काकू म्हणाल्या. डोळे पुसले, सूप संपवलं, वाटी पावानं पुसून घेतली. मावशीला हाक मारून म्हणाल्या, "मावशी, फार चांगलं जेवण झालं. आणि ह्यांची काच वाजवायचात त्याबद्दल तुमचे उपकार आहेत माझ्यावर." मावशी म्हणाली, "अहो, उपकार कसले, काच कंपनीची होती." आणि मोठ्यानं हसली.

बाहेर आल्यावर काकांनी विचारलं, "संग्रहालयात जायचं? देवमासा..."

"तो कुठे पळून जात नाही. आधी ती जागा दाखवा."

"कुठली जागा?"

"झोपायचात ती."

काका म्हणाले, अगं तिथे काय आहे, धूळ आणि तेलाचे डाग. काकू म्हणाल्या, दाखवा म्हटलं ना. शेवटी काका पुढे झाले. राजवाड्याची मागची भिंत जिथे वळते तिथे दुपारी सावली पडते, आणि ड्रायव्हर लोक त्या जागेसाठी भांडतात. तिथे आज दुसरीच कुठली तरी बस उभी होती. आत ड्रायव्हर सीटवर कलंडून गाढ झोपला होता, तोंडावर रुमाल, पाय खिडकीबाहेर.

"इथे," काका म्हणाले. "ह्याच सावलीत. मी आल्या आल्या..."

"श्श! हळू," काकू म्हणाल्या. "झोपलाय तो."

दोघं भिंतीला टेकून उभी राहिली. बघण्यासारखं खरोखरच काही नव्हतं. पण काकू बघत होत्या, मघा राजवाड्याचं छत बघितलं नव्हतं इतक्या मन लावून. काकांना वाटलं, आता बोललो नाही तर कधीच बोलणार नाही. घसा खाकरायलाही ते थांबले नाहीत.

"माझ्या आईचं तू केलंस," ते म्हणाले, "ते कुणी करत नाही. मला कधी बोलता आलं नाही. तुला शहर दाखवतो म्हटलं ते त्यासाठीच. आणि त्यातही घोळ घातला."

"तुमची आई, तुमची आई काय लावलंय," काकू म्हणाल्या. "माझी कुणीच नव्हती का ती? जाताना हात कुणाचा धरला होता?" मग अगदी काकांच्या खांद्याशी येऊन त्या म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून मला कुणी काय काय दिलं ते मी रोज देवापाशी मोजते. एवढं मोठं देणं मोजायचं राहूनच गेलं बघा."

काकांनी मान खाली घातली. रुमाल शोधला, सापडला नाही, मग काकूंनी पदराचं टोक पुढे केलं.

तेवढ्यात वाहनतळाचा रखवालदार शिट्टी फुंकत आला. काकूंनी त्यालाही ओठांवर बोट ठेवून गप्प केलं. तो गोंधळला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "अहो काकू, राजवाड्याचं दार पुढच्या बाजूला आहे. इथे मागे काय बघताय?"

"मला एवढी झोप कुठून मिळायची," काकू म्हणाल्या, "ते बघतेय."

रखवालदाराला काही उमगलं नाही. त्यानं भिंतीकडे बघितलं, झोपलेल्या ड्रायव्हरकडे बघितलं, मग डोळे पुसणाऱ्या काकांकडे बघितलं. "बघा मग," तो म्हणाला, "फक्त गाडी मागे येताना जरा बाजूला व्हा." आणि शिट्टी खिशात टाकून निघून गेला.